बेसारिओनच्या दाताची माती

दफनभूमीच्या समितीचा अध्यक्ष वालिको निर्णय सांगून गेल्यापासून गोगितिद्झेंच्या घरात कुणी कुणाशी धड बोललेलं नव्हतं. शनिवारी मात्र सगळे व्हरांड्यात जमले. या घराण्याची ही खोडच आहे, भांडायचं असलं तरी भरल्या ताटावर भांडायचं. मक्याच्या भाकरी आल्या, घेवड्याची उसळ आली, घरच्या दारूचा बुधला आला, आणि मग त्सियालाने तोंड उघडलं.

"म्हणजे काकांनी सणाच्या आत मरावं, असं समितीचं म्हणणं आहे."

त्सियाला यासोनची मुलगी, बेसारिओनची पुतणी. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली आणि तेव्हापासून सगळ्या गावाला शिकवते.

"असं कुठे म्हणाले, ताई?" अंझोर म्हणाला. हा ग्रामितोनचा मुलगा, तिचा चुलतभाऊ, आवाज बापाचा आणि हिंमत कुणाचीच नाही. "राखून ठेवलेल्या जागा गिओर्गोबाच्या सणापर्यंत भरा, नाहीतर सोडा, एवढंच म्हणाले."

"अरे, राखून ठेवलेली जागा टेकडीवर एकच आहे. माझ्या वडलांच्या आणि तुझ्या वडलांच्या शेजारची. ती भरायची म्हणजे काय करायचं, सांग ना."

सगळ्यांनी बेसारिओनकडे पाहिलं. देवाची कृपा म्हणा की देवाचा विसरभोळेपणा, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा बेसारिओन आरामखुर्चीत बसून संत्रं सोलत होता. तब्येत ठणठणीत. तीन भावांतला हा धाकटा. यासोनचा वरचा आवाज, पहाटेच्या कोंबड्यासारखा आरवणारा, ग्रामितोनचा मधला, आणि बेसारिओनचा खर्ज. अख्ख्या गुरिया प्रांतात ही तिघं जिथे गायली नाहीत असं लग्न नाही आणि मर्तिकही नाही, म्हणून तर थोरांच्या टेकडीवर तिघांना जागा मिळाली.

"मला तिथेच जायचंय," बेसारिओन म्हणाला. "दोघं तिकडे खर्जाशिवाय पडलेत. खर्ज नसला तर माणूस गात नाही, नुसता ओरडतो. त्यांना असं कायमचं ओरडत ठेवू का?"

"काका, खाली गावच्या दफनभूमीत आजोबांजवळ काय वाईट आहे?" अंझोर म्हणाला. "तिथे उतार नाही, भेटायला येणाऱ्यांच्या गुडघ्यांना बरं."

"तू कुणाच्या बाजूने बोलतोयस रे?" त्सियालाने विचारलं.

अंझोरने घेवड्यात चमचा फिरवला. कुणाच्या बाजूने ते सगळ्यांनाच माहीत होतं, त्यालाही माहीत होतं की सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या मुलीचं, नातोचं, लग्न ठरलं होतं तेंगिझच्या मुलाशी. आणि तेंगिझचा बाप मुर्मान, जुन्या काळचा नावाजलेला पैलवान, वसंतात वारला होता. त्याला टेकडीवर मान मिळेल या आशेवर तेंगिझने तात्पुरतं म्हणून घरामागे, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पुरून ठेवला होता. त्या दिवसापासून तेंगिझची बायको अंडी आणायला गेली की छातीवर क्रुसाची खूण करायची आणि रडत परत यायची. जागा मिळाली की लग्न, असं कुणी स्पष्ट म्हणालं नव्हतं. पण तेंगिझ भेटला की अंझोरच्या खांद्यावर हात ठेवून "काका कसे आहेत?" असं विचारायचा, आणि ते बरे आहेत म्हटलं की थोडा गप्प व्हायचा. अंझोरची रात्रीची झोप उडाली होती. 

"मुर्मान मोठा माणूस होता," तो शेवटी म्हणाला.

"मोठा होता, पण सुरात नव्हता," बेसारिओन म्हणाला. "माझ्या भावांच्या मध्ये घोरत पडेल."

आता ही टेकडी म्हणजे काय प्रकरण आहे ते त्सियाला दर वर्षी शाळेच्या पोरांना नेऊन सांगते, आणि खरं तेवढं वगळून सांगते. घरात मात्र ती खरं सांगते. शेजारच्या जिल्ह्याने थोरांची दफनभूमी काढली म्हणून आमच्या तेव्हाच्या पार्टी सेक्रेटरीला हुक्की आली. चहाच्या मळ्यावरची टेकडी सपाट झाली, फाटक बसलं, सुरूची झाडं लागली, फक्त थोर माणूस कुणी मरेना. सेक्रेटरीने डॉक्टरांकडे चौकशी केली. शेवटी एक म्हातारा संपादक हाती लागला. त्याच्या वर्तमानपत्राचा एकही अंक कुणी पाहिला नव्हता, पण तो वेळेवर वारला. मग एक क्रांतिकारक आला. त्याला आधी वाजतगाजत पुरलं, नंतर तो शत्रू ठरला म्हणून उकरून काढलं, मग चूक झाली म्हणून परत पुरलं, आणि राज्य बदललं तेव्हा पुन्हा काढायची गोष्ट निघाली, पण एव्हाना खणणाऱ्यांची कंबर गेली होती. दर खेपेला विलाप गायला हे तिघं भाऊ होते, आणि दर खेपेला मनापासून रडले. आणि मग तो घोडेस्वार. आमच्याकडचे स्वार अमेरिकेच्या सर्कशीत जायचे ना, त्यातला एक तिकडेच मेला. त्याचं काहीच परत आलं नाही, आले ते बूट. टेकडीवर बूट पुरलेत. वर संगमरवरी घोडा आहे.

"बूट," नार्गिझा म्हणाली.

ती इतका वेळ बोललीच नव्हती. नार्गिझा बेसारिओनची सून. नवरा ओतार परदेशात ट्रक चालवतो, ही गावात दातांचा दवाखाना चालवते. दिवसभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय असल्यामुळे कुणी उत्तर दिलं तर तिला नवल वाटतं.

"वन्सं, बूट चालले ना? मग समितीला अख्खा माणूस कशाला हवाय? निर्णयात काय शब्द आहे?"

"अवशेष," त्सियाला म्हणाली.

"बाबांची खालची दाढ हलतेय. मी कधीपासून काढू म्हणतेय."

 अंझोरने ग्लास खाली ठेवला. त्सियालाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"नार्गिझा, तिथे माझे वडील आहेत. तिथे इतिहास आहे. तिथे तू दात पुरणार?"

"बूट तर बाहेरून घालायचे असतात, वन्सं. दात निदान माणसाच्या आतला आहे."

"ताई बरोबर बोलतायत," अंझोर घाईने म्हणाला. ताईशी त्याचं एकमत बहुधा जन्मात पहिल्यांदा झालं असावं. "ही चेष्टा होईल. गाव हसेल."

आणि इथेच त्याने घोटाळा केला. अंझोर आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर त्सियालाला लगेच कळलं की आपली बाजू चुकली. ती हळूच खुर्चीत मागे टेकली.

"गावाचं काय घेऊन बसलायस," ती म्हणाली. "संपादकाला पुरलं तेव्हा गाव हसलं नाही."

बेसारिओनने सोललेलं संत्रं सुनेपुढे ठेवलं.

"सूनबाई, एक अट आहे. करायचं तर रीतीने करायचं. पेटी, फुलं, जेवण, विलाप. उकिरड्यावर टाकल्यासारखा माझा दात मी पुरू देणार नाही."

"विलाप कोण गाणार, काका?" अंझोरने विचारलं.

बेसारिओनने दुसरं संत्रं सोलायला घेतलं.

दाढ सोमवारी काढली. नार्गिझाने दवाखान्याला आतून कडी घातली, कारण दाराबाहेर शेजारणी जमल्या होत्या, त्यातल्या दोघी काळे कपडे घालून.

"दुखलं तर हात वर करा, बाबा."

"दुखू दे. मरताना दुखतंच."

या घरात सून म्हणून आल्यापासून नार्गिझाने सासऱ्याला खोकताना, चिडताना, घोरताना ऐकलं होतं, गाताना कधी नाही. ती आली त्याच वर्षी ग्रामितोन गेला होता. गाव म्हणायचं, बेसारिओनचा खर्ज लागला की टेबलावरचे ग्लास थरथरायचे. तिला ते गावाच्या इतर गप्पांसारखंच वाटायचं.

"एकटं का नाही गात तुम्ही?" चिमटा हातात घेऊन तिने विचारलं.

"खर्ज एकटा गात नाही. आणि खर्ज सुरूही करत नाही. सुरू मधला करतो. ग्रामितोन सुरू करायचा, आम्ही मागून जायचो. तो गेल्यावर मी व्हरांड्यात बसून वाट बघितली. कुणी सुरूच केलं नाही." त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "सूनबाई, मला मरायची भीती नाही. खाली गावात, जिथे कुणी गाणारं नाही, तिथे एकट्याने पडायची फार भीती वाटते. हे पोरांना सांगू नकोस."

नार्गिझाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने तशातच दाढ काढली. मुळं लांब होती, पण निघाली सबंध. ती तिने धुतली, पुसली आणि पांढऱ्या रुमालात गुंडाळली. दार उघडल्यावर शेजारणींनी आत डोकावून विचारलं, "गेला का?"

"गेला," नार्गिझा म्हणाली, आणि बाहेर रडारड सुरू झाली.

मातीला अर्धं गाव लोटलं. अंझोरने सुताराकडून पेटी करून आणली होती, ती दाढेला फारच मोठी झाली, तेव्हा बाजूने सुरकुतलेलं तमालपत्र भरलं. फुलांची पंचाईत झाली. मेलेल्याला सम संख्येत न्यायची, जित्याला विषम, आणि दाढ मेलेली असली तरी माणूस समोर काळा कोट घालून उभा. काहींनी सम आणली, काहींनी विषम, आणि फाटकाशी उभे राहून एकमेकांत फुलांची देवाणघेवाण केली. पाद्री म्हणाला दातासाठी प्रार्थना कुठल्या पोथीत नाही, जेवायला मात्र येतो.

वालिको कबरीशी उभा होता. थोरांच्या दफनभूमीच्या समितीचा अध्यक्ष झाल्यापासून तो जाड झाला होता, पण त्सियालाबाई दिसल्या की त्याचा हात आपोआप खिशातून बाहेर यायचा. त्याच्या मागे तेंगिझ, बायको आणि मुलगा. तेंगिझ बापासारखाच, दार अडेल एवढा माणूस. अंझोर दोन्ही घोळक्यांच्या मधोमध उभा राहिला होता, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"बाई, हे चालणार नाही," वालिको म्हणाला. "नियमात अवशेष म्हटलंय ते मृत व्यक्तीचे. काका तर इथे उभे आहेत."

"वालिको, सरळ उभा राहा. स्वार अमेरिकेत मेला याचा दाखला कुणी बघितलाय?"

"नाही बाई, पण तो तेव्हा इथे नव्हता."

"दाढेचा दाखला मी देते," नार्गिझा म्हणाली. "ती मेलीच आहे. मी डॉक्टर आहे, माझ्या हातात मेली."

वालिकोने कपाळ पुसलं. त्याला खरं म्हणजे कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून तर त्याला अध्यक्ष केला होता. एका बाजूला शाळेतल्या बाई, दुसऱ्या बाजूला तेंगिझ. त्याने बराच विचार केला आणि आमच्याकडचा माणूस अडला की जे करतो ते केलं. रीत पुढे केली.

"असं करू," तो म्हणाला. "या टेकडीवर प्रत्येकाला विलाप गाऊन उतरवलंय. क्रांतिकारकाला दर वेळी. बुटांनासुद्धा. विलाप झाला की ती माती, मग मी कोण तिला नाही म्हणणारा? नाही झाला तर हा नुसता खड्डा, आणि खड्डा समितीचा."

तेंगिझने मान हलवली. त्याला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं, आणि नेमकी तीच पंचाईत होती.

विलापाला शब्द नसतात. तीन आवाज लागतात, वरचा, मधला, खर्ज. गावात आता खर्ज एकाच माणसाच्या गळ्यात होता, आणि माती त्याचीच होती. मेलेल्याने स्वतःचा विलाप गावा का, यावर घोळक्यात चर्चा सुरू झाली. पाद्री म्हणाला की दात गात नाही आणि माणूस मेलेला नाही, तेव्हा हरकत नसावी. हे पटलं. वरच्या आवाजाला बाप्याच लागतो, असं कुणीतरी म्हणालं.

"मी यासोनची मुलगी आहे," त्सियाला म्हणाली. "मी पाळण्यात हे ऐकलंय. इथे दुसरा कोण आरवणार आहे? तू?"

तो माणूस मागे सरला.  आयुष्यभर तिने टेकडीवर तोंडाने इतिहास सांगितला होता, गळा कधी उघडला नव्हता. वडील म्हणायचे, "पोरीची जात, नाहीतर माझा आवाज हिलाच दिला असता." हे ती कधीच विसरली नव्हती.

आता मधला. मधल्याने सुरू केल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. सगळ्यांनी अंझोरकडे पाहिलं.

अंझोरने स्वतःच्या पायातल्या बुटांकडे पाहिलं. लहानपणी बाप त्याला चहाच्या मळ्यात नेऊन हेच शिकवायचा, ओळीतून चालत, पाठीवर टोपली घेऊन. ते त्याच्या घशात होतं, अगदी तयार. पण तोंड उघडलं की लग्न मोडलं. आणि नाही उघडलं तर? समोर काका उभे होते, दाढ काढल्याने एक गाल सुजलेला, हातात टोपी. ते त्याच्याकडे बघतही नव्हते. खाली बघून थांबले होते, आजवर व्हरांड्यात थांबले होते तसे.

  तेंगिझच्या बायकोने नवऱ्याला कोपर मारलं. तेंगिझ पुढे आला, अंझोरच्या खांद्यावर हात ठेवला आणि टोपी काढली.

"कर की सुरू," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या वेळी विलापाला साधे तीन जणही मिळाले नाहीत म्हणून तो खुराड्यामागे मुकाच गेला. निदान दातासाठी तरी होऊ दे. पोरीच्या लग्नाचं काय घेऊन बसलास? लग्न खड्ड्याशी लावायचंय का?"

अंझोरने सुरू केलं.

आवाज आधी घोगरा आला, मग मोकळा झाला. हुबेहूब ग्रामितोन. घोळक्यातल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. वरून त्सियाला आली, पहिल्यांदा चुकली, मग तिचा आवाज फुटून असा वर गेला की पाद्री दचकला. आणि मग खाली काहीतरी हललं. नार्गिझा जवळच उभी होती. तिच्या हातातली रुमाल ठेवलेली पेटी थरथरली. तिला वाटलं आपलेच हात कापतायत, पण हात स्थिर होते.

त्यानंतर जे रडणं झालं ते नाटक नव्हतं. जो तो आपापल्या माणसासाठी रडला. तेंगिझ खुराड्यामागच्या बापासाठी रडला, अंझोर आपल्या बापासाठी रडला, वालिको कशासाठी रडला ते त्यालाही सांगता आलं नसतं. बेसारिओन गात होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते भावांसाठी की स्वतःसाठी, कोण विचारणार? पेटी उतरवली. प्रत्येकाने मूठ माती टाकली. मग लोक रांगेने बेसारिओनपाशी आले, कारण जवळचा माणूस तोच, आणि हात हातात घेऊन म्हणाले, तुम्ही गेलात, फार वाईट झालं. तो म्हणाला, "वय झालं होतं."

"काका," वालिको नाक पुसत म्हणाला, "जागा तुमची. समितीचं काही म्हणणं नाही. केव्हाही या."

आता बेसारिओनने समाधानाने हसायला हवं होतं. पण तो खड्ड्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"काय झालं, बाबा?" नार्गिझाने विचारलं.

"मी आलो की माझा विलाप कोण गाणार?"

"आत्ता गायला की."

"तो दाताचा झाला. मी पुरा येईन तेव्हा अंझोर सुरू करेल, त्सियाला वर जाईल, आणि खाली कुणी नसेल. ही दोघं पोरं ओरडत बसतील." त्याने दोघांकडे पाहिलं. "यासोनने आणि ग्रामितोनने माझ्याविना दिवस काढले ते काढले. यांच्यावर ती पाळी नको."

 खरंच होतं ते. जागा होती, दाखला होता, रीत होती, आणि मरायची सोय राहिली नव्हती.

तेंगिझ टोपी घालून निघाला होता. जाता जाता बायकोला म्हणाला, "चल, कोंबड्या कोंडायच्यात." हळूच म्हणाला, पण तो हळू बोलला तरी फाटकाची कडी वाजायची.

बेसारिओनने मान वर केली.

"ए, इकडे ये. परत बोल."

"काय बोलू, काका?"

"काहीही बोल. कोंबड्या म्हण."

"कोंबड्या," तेंगिझ म्हणाला.

बेसारिओनने त्याच्या छातीवर पंजा ठेवला. "पुन्हा म्हण. नाकातून नको, इथून."

तेंगिझ पुन्हा म्हणाला. त्सियालाने अंझोरकडे पाहिलं, अंझोरने त्सियालाकडे.

"गाढवाचा खर्ज आहे," बेसारिओन म्हणाला. "पण आहे. रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचं. जेवून येऊ नकोस, जेवलेल्या माणसाला सूर सापडत नाही."

"आणि माझ्या वडलांचं काय?"

"तू शिकलास की त्यांचाही विलाप नीट गाऊ, चौघं मिळून. तोवर राहू दे तिथेच." म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि सुजलेल्या गालावर हात दाबत उतार उतरायला लागला. "मीही राहतो."